बोरिवलीत घर घेताना: हायवेपलीकडचा नवा टॉवर की स्टेशनजवळची जुनी सोसायटी?

बोरिवलीत घर शोधायला निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे हल्ली एक ठरलेला पेच उभा राहतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या पूर्वेला, जाहिरातीत मेट्रो स्थानकाचं नाव ठळक छापलेल्या टॉवरमधलं नवं घर घ्यायचं, की पश्चिमेला स्टेशनपासून चालत जाता येईल अशा पस्तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीतलं? एकूण रकमा बऱ्याचदा इतक्या जवळ येतात की पैशावरून निकाल लागत नाही. पूर्वेला आम्ही काही वर्षं भाड्याने राहिलो आणि घर मात्र पश्चिमेला घेतलं. तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले लोक घर बघायला निघण्याआधी फोन करतात. दर वेळी बोलणं अर्धवट राहतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

माझी परिस्थिती आधी सांगतो, कारण उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. ऑफिस अंधेरी पूर्वेला, चकाल्याजवळ. घरात आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. गाडी नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. तुमचं ऑफिस फोर्टात असेल किंवा घरात दोन गाड्या असतील, तर खालचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

मधला प्रवास

इथे मेट्रोच सरस आहे, यात मला शंका नाही. हायवेवरची मेट्रो ७ आणि लिंक रोडवरची २अ जानेवारी २०२३मध्ये पूर्ण सुरू झाल्या, त्याआधी हायवेने अंधेरीला जाणं म्हणजे काय होतं ते इथल्या लोकांना माहीत आहे. आता हायवेवरच्या स्थानकात चढायचं, गुंदवलीला उतरायचं, पुलावरून मेट्रो १च्या वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानकात जायचं आणि पुढचं स्थानक चकाला. गाडीत गारवा, दारं बंद, खाली हायवेवर दिव्यांची रांग ठप्प झालेली असताना आपण वरून सरळ निघून जातो. माझी बायको मालाडला नोकरी करते. रात्री उशीर झाला की लोकलच्या डब्यापेक्षा मेट्रोत तिला जास्त निर्धास्त वाटतं, असं ती अजूनही म्हणते.

पश्चिमेच्या घरातून मी बोरिवली स्टेशनला चालत जातो, फास्ट पकडतो, अंधेरीला उतरतो आणि तिथून मेट्रो १ने चकाल्याला. शेवटचा टप्पा दोन्हीकडून एकच आहे, त्यामुळे तुलना सोपी जाते. लोकलची गर्दी ही गर्दीच आहे, ती मी गोड करून सांगणार नाही. अंधेरीला लोकलमधून मेट्रोकडे जाणारा पूल सकाळी नऊच्या सुमाराला पायाखालची पायरी दिसू देत नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून माणसं गेली, ती बातमी वाचल्यावर लोकलच्या बाजूने बोलताना जीभ जड होते. दारं बंद होणाऱ्या साध्या लोकल आणण्याचं त्यानंतर जाहीर झालं, आणि मुंबईने इतर कुठल्याही प्रकल्पाआधी ते पूर्ण करावं असं मला मनापासून वाटतं.

तरी बोरिवलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथून गाड्या सुटतात. कांदिवली-मालाडच्या माणसाला जी गाडी आत पाय ठेवू देत नाही, तीच बोरिवलीहून सुटणारी असली की आपण बसून जातो. एसी लोकलची एकेरी भाडी मे २०२२मध्ये निम्म्यापर्यंत खाली आली, तेव्हापासून उन्हाळ्यात मी अधूनमधून तिनेही जातो. शिवाय गोरेगावपर्यंत आलेली हार्बर लोकल पुढे बोरिवलीला आणण्याचं काम एमयूटीपी-३अ या रेल्वे विस्ताराच्या प्रकल्पात आहे. रविवारचा जम्बो ब्लॉक आणि जुलैतलं रुळांवरचं पाणी हे मात्र गृहीत धरूनच चालावं लागतं. मेट्रोला ही दोन्ही दुखणी नाहीत.

वेळेचं म्हणाल तर मी घड्याळ लावून कधी मोजलं नाही. स्थानकापासून स्थानकापर्यंत दोन्ही जवळपास सारख्याच वाटतात, आणि मेट्रोतून माणूस कमी थकलेला उतरतो. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर आम्ही आजही पूर्वेलाच असतो.

हायवे ते घर

आता ज्या एका गोष्टीने आमचा निर्णय फिरला, तिच्याकडे येतो.

मेट्रो ७ हायवेच्या बरोबर मधोमध, उंचावर धावते. त्यामुळे स्थानकही हायवेच्या डोक्यावर. तिथून जिना किंवा सरकत्या जिन्याने पुलावर, पुलावरून सर्व्हिस रोडला, आणि सर्व्हिस रोडवर उतरलं की मेट्रोचं काम संपतं. आमची इमारत तिथून आत, डोंगराच्या बाजूला होती. नकाशावर बोट ठेवलं तर अंतर किरकोळ दिसतं. जाहिरातीत ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं होतं, आणि रविवारी सकाळी रिक्षाने गेलात तर ते खरंही आहे.

कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता ते खरं नसतं. सर्व्हिस रोडवर शेअर रिक्षाची रांग लागलेली असते. रिक्षा येते, तिघं बसतात, जाते, आणि वरच्या चढावर अडकल्यामुळे लवकर परत येत नाही. मीटरने जायचं तर एवढ्या जवळ यायला कोणी तयार होत नाही. चालायचं तर फुटपाथ सुरू होतो आणि तीस पावलांवर संपतो. कुठे गाड्या उभ्या, कुठे खणलेलं, कुठे एखाद्या टॉवरचं प्रवेशद्वार फुटपाथ कापून बाहेर आलेलं. मग रस्त्यावर उतरायचं, मागून डंपरचा हॉर्न, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत शिंतोडे. अंधेरीपासून हायवेपर्यंतचा सगळा प्रवास गारव्यात, शांतपणे झालेला असायचा, आणि त्या शेवटच्या तुकड्यात दिवसभराचा सगळा शीण अंगावर यायचा. महिन्यातून एखाद्या वेळी घडलं असतं तर मी त्याबद्दल लिहिलंही नसतं. हे रोजचं होतं.

मी धडधाकट माणूस आहे, मी चालून जायचो. आईला ते शक्य नव्हतं, आणि आमच्यासाठी इथे विषय मिटला. पूर्वेला राहायला गेल्यावर हळूहळू तिचं एकटीने बाहेर पडणं थांबलं. तिची बँक, तिचे जुने डॉक्टर, तिची बहीण, तिचं भजनी मंडळ, सगळं पश्चिमेला. तिथे जायचं म्हणजे उतार उतरून सर्व्हिस रोड, मग हायवे ओलांडणं, मग रेल्वे ओलांडणं. दर वेळी कोणीतरी सोबत हवं. ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ असं ती म्हणायची आणि पुढच्या आठवड्यातही जायची नाही. तिने कधी तक्रार केली नाही, पण ती गप्प होत चालली होती आणि ते आम्हाला दिसत होतं.

पश्चिमेला आल्यावर ती पुन्हा रोज बाहेर पडू लागली. सोसायटीच्या फाटकातून निघून वाण्याकडे, भाजीवाल्याकडे, देवळात, डॉक्टरांकडे, आणि एकही मोठा रस्ता न ओलांडता परत. पश्चिमेचे फुटपाथ काही फार चांगले आहेत असं नाही. पण अंतर कमी असलं की वाईट फुटपाथही माणूस निभावून नेतो. मुलीच्या बाबतीत तेच. क्लासला ती एकटी जाते, मैत्रिणीकडे एकटी जाते. पूर्वेला तिला सोडायला-आणायला घरातलं एक माणूस रोज संध्याकाळी अडकलेलं असायचं.

म्हणून मला विचाराल तर मेट्रो चांगली की लोकल, हा प्रश्न घर घेणाऱ्याने थोडा वेळ बाजूला ठेवावा. स्थानक ते उंबरठा हे अंतर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला एकट्याने पार करता येतं का, ते आधी बघावं.

शहराचा पैसा कुठे जातो

ही तक्रार फक्त आमच्या गल्लीची असती तर विषय इथेच संपला असता. पण हायवे ते घर हा तुकडा अख्ख्या उपनगरात असाच सुटलेला आहे, आणि तो का सुटला हे आकडे बघितले की कळतं.

महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात शहराची बस चालवणाऱ्या बेस्टला मदत म्हणून १,००० कोटी ठेवले होते. एका मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा मार्गावर सुमारे १४,००० कोटी गेले. बोरिवलीच्या पूर्वेला मागाठाण्यापासून राष्ट्रीय उद्यानाच्या खालून ठाण्याला निघणाऱ्या जुळ्या बोगद्यांचा खर्च साडेसोळा हजार कोटींच्या पुढे आहे. बोगदा एमएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाचा, किनारा मार्ग पालिकेचा, तिजोऱ्या वेगळ्या आहेत, हे मान्य. पण रहिवाशाच्या बाजूने बघितलं तर तो शहराचाच पैसा आहे, आणि त्यातला फार मोठा वाटा गाडीवाल्यांच्या मधल्या प्रवासाला जातो.

बेस्टची बस या शहरात १९२६पासून धावते आहे. मेट्रो स्थानक ते घर हा तुकडा सांधायला तिच्यापेक्षा स्वस्त आणि लवकर होणारं दुसरं साधन नाही. बोगदा खणायला नको, भूसंपादन नको, झाडं तोडायला नकोत. आणि याच काळात तिचा ताफा आटत गेला. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेल्या गाड्या आता तीन हजारांच्या खाली आल्या आहेत, आणि त्यातही स्वतःच्या मालकीच्या थोड्या, बहुतेक कंत्राटदारांकडून भाड्याने चालवलेल्या. २०१९मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं होतं, तेव्हा बसथांब्यांवर पुन्हा गर्दी दिसू लागली होती. मे २०२५मध्ये ते दुप्पट, दहा रुपये झालं. तोटा वाढला म्हणून भाडं वाढवलं, हे कारण समजण्यासारखं आहे. पूर्वी वीज विभागाच्या मिळकतीतून बसचा तोटा भरून निघायचा, ती सोय राहिली नाही. पण मग ती जागा पालिकेने घ्यायला हवी. रस्ता, दिवाबत्ती, पाणी यांच्याकडून आपण नफा मागत नाही, बसकडूनच का मागतो?

घर घेणाऱ्याचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रोचा अधिभार असतो, एप्रिल २०२२पासून तो सगळेच भरतात. पूर्वेला घ्या की पश्चिमेला, मेट्रोला तुमचा हातभार लागतोच. मला तो भरताना वाईट वाटलं नाही. त्यातला थोडा हिस्सा स्थानकापासून आतल्या वस्तीपर्यंतच्या बसला आणि फुटपाथला कायद्यानेच बांधून दिला असता, तर पूर्वेचं घर आम्ही सोडलं नसतं, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरीकडे जानेवारी २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आमचं पश्चिमेचं घर त्यात बसतं, पूर्वेला विकत घ्यायला पाहिलेलं बसत नव्हतं. म्हणजे पैशाच्या तराजूत हा एक मुद्दा जुन्या, लहान घराच्या पारड्यात पडतो. तुमच्या हिशेबात तो जरूर धरा. माझं मत विचाराल तर, जकात गेल्यावर पालिकेच्या हातात उरलेल्या मोजक्या हक्काच्या उत्पन्नांपैकी हे एक मोठं होतं. आमच्यासारख्यांना थोडा कर लावून वेळेवर बस दिली असती, तर मी तो आनंदाने भरला असता.

घर म्हणून घर

टॉवरच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. लिफ्ट, जनरेटर, चोवीस तास पहारा, मुलांना खाली खेळायला जागा, राष्ट्रीय उद्यानाकडून येणारा वारा. आमच्या खिडकीतून पावसाळ्यात दिसणारा तो हिरवा डोंगर मला अजून आठवतो. बँकही कर्ज चटकन देते. जुन्या इमारतीसाठी कर्ज मागायला गेलात की स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) कुठे आहे, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का, असे प्रश्न सुरू होतात आणि पदरची रक्कम जास्त घालावी लागते.

टॉवरचा मेंटेनन्स हा न संपणारा खर्च आहे. क्लब हाउस वापरा की वापरू नका, चौरस फुटाने पैसे जातात. त्यात मला खुपलं ते पार्किंग. इमारतीचे खालचे कित्येक मजले नुसते गाड्यांचे. नियमावलीच अशी आहे की घराच्या आकाराप्रमाणे पार्किंग द्यावंच लागतं, मेट्रो दारात असो वा नसो. मेट्रोवर एवढा खर्च करायचा आणि तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीत गाड्यांसाठी मजले बांधायला लावायचे, ही दोन धोरणं एकमेकांच्या विरोधात जातात. संध्याकाळी त्याच गाड्या आमच्या चढावर रांगेत उभ्या असायच्या आणि शेअर रिक्षा त्यांच्या मागे.

जुन्या सोसायटीचे दोष तुम्हाला माहीतच असणार. गळती, जुनी मलवाहिनी, पाण्याच्या ठरावीक वेळा. लिफ्ट नसते, आणि म्हातारं माणूस घरात असेल तर तळमजला किंवा पहिला मजला सोडून वर बघूच नका. आम्हाला पहिल्या मजल्याचं घर मिळालं म्हणूनच घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचं त्याहून मोठं, हवेशीर घर त्याच सोसायटीत विकायला होतं, ते बघूनही सोडलं.

पुनर्विकासाचं काय?

स्टेशनजवळचं जुनं घर घेणारे बहुतेक जण मनात हाच हिशेब धरून असतात: आज जुनं घेऊ, उद्या बिल्डर येईल, मोठं आणि नवं मिळेल. इथे जरा थांबून विचार करावा.

पहिली गोष्ट रस्त्याची रुंदी. २०३४च्या विकास नियमावलीत उपनगरात किती बांधकाम करता येईल ते समोरच्या रस्त्यावर ठरतं. ढोबळमानाने, नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत मूळ एकच्या वर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) विकत घ्यायला किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकाम हक्क) चढवायला वाव राहत नाही. नऊ मीटरला तो दोनपर्यंत जातो आणि रस्ता रुंद होत गेला की अडीचपर्यंत. त्यावर फंजिबल नावाचं जादा क्षेत्र, त्यावर जुन्या सोसायटीसाठी याच नियमावलीतल्या ३३(७)(ब) खालचं वाढीव क्षेत्र. एजंट तुम्हाला सांगेल, ‘दोन वर्षांत जाणार ही बिल्डिंग.’ तुम्ही टेप घेऊन गल्ली मोजा आणि मग ठरवा. स्टेशनजवळच्या कित्येक सोसायट्या बैठका घेऊन घेऊन थकल्या आहेत, त्यामागे सभासदांच्या भांडणाइतकीच ही अरुंद गल्लीही आहे.

दुसरी गोष्ट कन्व्हेयन्स. जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्यामार्फत जमीन नावावर करून घेण्याची) प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते, त्यात वेळ जातो. आम्ही घर घेताना मालमत्ता पत्रकावर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, सोसायटीचं नाव आहे का ते पाहिलं. नसतं तर बहुधा घेतलं नसतं.

तिसरी गोष्ट बिल्डरची. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची पुनर्विकासाची कार्यपद्धती स्पष्ट केली आहे: सर्वसाधारण सभेचं चित्रीकरण, निम्म्याहून अधिक सभासदांची संमती वगैरे. ती काटेकोर पाळणारी सोसायटी असेल तर पुढे घोळ कमी होतो. पण इमारत रिकामी केल्यावर काम रेंगाळलं, भाडं थांबलं, तर जुन्या सभासदाचे हाल होतात. नवीन फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या मागे बिल्डरांवर देखरेख ठेवणारी महारेरा उभी राहते, जुन्या सभासदाला तेवढा आधार नाही, आणि धोरण करणाऱ्यांनी ही उणीव भरून काढायला हवी. बिल्डरशिवाय सोसायटीनेच करायच्या स्वयंपुनर्विकासासाठी सप्टेंबर २०१९मध्ये शासनाने वाढीव एफएसआय आणि सवलती जाहीर केल्या. लहान सोसायटीला तो मार्ग मला जास्त आश्वासक वाटतो, कारण नफा सभासदांकडेच राहतो. पण त्यासाठी हिशेब समजणारी आणि वेळ देणारी तीन-चार माणसं सोसायटीत लागतात. घर बघायला जाल तेव्हा सेक्रेटरींशी बोला. मागच्या दोन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. ती नीट लिहिलेली असतील तर बरंच कळतं.

आमच्या सोसायटीत सध्या स्वयंपुनर्विकासावर चर्चा चालू आहे. मला ते व्हावं असं वाटतं, पण घर घेताना ते होणार नाही असं धरूनच घेतलं होतं. आहे त्या स्थितीत पंधरा वर्षं राहता येईल का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून सही केली. नवी इमारत झालीच तर तिच्या पोटातही पार्किंगचे मजले येणार आणि आमच्या गल्लीत आणखी गाड्या येणार, याची धास्ती मात्र आहे. आज आई जिथून निवांत चालत जाते, तिथे उद्या काय असेल, हे मला ठाऊक नाही.

मग कोणी कुठे घ्यावं?

तरुण जोडपं असेल, दोघांची ऑफिसं हायवेच्या कडेने गोरेगाव ते अंधेरी पूर्व या पट्ट्यात असतील आणि पाहिलेली इमारत सर्व्हिस रोडलाच लागून असेल, तर पूर्व घ्या. चढ नाही, रिक्षा नाही, पुलावरून उतरलात की घरी. असं घर मिळालं असतं तर आमचाही निर्णय कदाचित वेगळा झाला असता. गुंदवलीहून पुढे विमानतळापर्यंत जाणारी ७अ सुरू झाली की या पट्ट्याचं महत्त्व आणखी वाढेल. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात असलेल्यांनाही आता मेट्रो ७, मग १, मग मरोळ नाक्याला ३, असं जाता येतं. दोनदा गाडी बदलावी लागते, तीन मार्ग चालवणाऱ्या तीन वेगळ्या यंत्रणा आहेत, पण जाता येतं.

फोर्ट-चर्चगेटकडे जाणाऱ्याला मी पश्चिमच सुचवेन, मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोहोचली असली तरी. बोरिवलीहून सुटणाऱ्या फास्टमध्ये बसायला जागा मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास अजूनही काहीशे रुपयांतच येतो. पश्चिमेला राहून मेट्रो मिळत नाही असंही नाही. लिंक रोडवर २अ आहे, आणि माझी बायको मालाडला आता तिनेच जाते.

घरात म्हातारं माणूस किंवा शाळेतलं मूल असेल आणि पाहिलेलं पूर्वेचं घर हायवेपासून आत, चढावर असेल, तर माझा कल उघड आहे. जुनी सोसायटी, खालचा मजला, नऊ मीटरची गल्ली, मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव. एवढं जमत असेल तर एक खोली कमी पडली तरी चालेल. पूर्वेच्या त्या चढावर सकाळी सहा ते रात्री अकरा दर दहा मिनिटांनी बस सुरू झाली आणि फुटपाथ सलग झाला, तर हे मत मी बदलेन, आणि ज्यांना ज्यांना पश्चिम सुचवली त्यांना फोन करून तसं कळवेनही. तोपर्यंत घर बघायला जाताना एजंटच्या गाडीने जाऊ नका. जुलैमधल्या एखाद्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला, स्थानकावरून स्वतःच्या पायांनी जा. जमलं तर आईलाही सोबत घ्या.